‘काळी वात’, भाग पाचवा

१० जानेवारी, सोमवार

आजपासून मी चित्रपट समीक्षक. आतून मी नेहमीच होतो, फक्त छापून येत नव्हतं. इतकी वर्षं आमच्या साप्ताहिकात मृत्यूच्या बातम्या, चर्चमधल्या मिसा-प्रार्थनेच्या वेळा आणि भरती-ओहोटीचं कोष्टक लिहितानाही मी नजर समीक्षकाचीच ठेवली होती. कोणाच्या लक्षात आलं नाही, हा वाचकांचा तोटा.

सिनेमाचं पान लिहिणारा रेनांते दुबईला गेला. हॉटेलात लागलाय म्हणे. आमच्या एडिटर मिसेस हेर्वियास यांनी उकडलेल्या शेंगा सोलत ऑफिसभर नजर फिरवली. ऑफिसात मी एकटाच होतो. म्हणाल्या, "एलिसेओ, तुला वेळ आहे का?" मी म्हणालो, मॅडम, वेळ काढता येतो. त्या म्हणाल्या, "काढायला कशाला हवा? तुझ्याकडे नुसता पडलाय." विनोदी बाई.

ठरलं ते असं. एक रिव्ह्यू लिहायचा. जमला तर दर आठवड्याला कॉलम, वर माझा फोटो. नाही जमला तर परत मिसेच्या वेळा.

सिनेमा लहान मुलांचा आहे, ‘काळी वात’. कादंबऱ्यांच्या मालिकेवरून काढलेला. लहान मुलांचा म्हणजे डाव्या हाताचं काम.

संध्याकाळी चष्मा सैल झाला म्हणून शहराच्या हारो भागातल्या रोविनाच्या चष्म्यांच्या दुकानात गेलो. माझा चष्मा फार लवकर सैल होतो. डोक्याची ठेवणच वेगळी असावी. रोविनाला बातमी सांगितली. ती स्क्रू पिळत म्हणाली, "हो का, नोंग एलिस?" शब्द थोडे, पण त्यात काय काय होतं! ‘नोंग’ म्हणजे थोरला भाऊ, हे खरं. पण सुरुवात आदरापासूनच होते.

तिचा नवरा जहाजावर होता. चार वर्षांपूर्वी जपानच्या बाजूला वादळात जहाज गेलं. माणसं सापडली नाहीत. मागच्या वर्षी कोर्टाने रीतसर मृत ठरवलं. म्हणजे आता कायद्याची अडचण नाही. अडचण कसलीच नाही.

योजना: दोन फेब्रुवारीला कांदेलारियाचा सण. सगळं हारो मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर असेल. तोपर्यंत माझा फोटो छापून आलेला असेल. त्या दिवशी रोविनाला विचारायचं.

१२ जानेवारी, बुधवार

संकल्प: मूळ कादंबऱ्या सगळ्या वाचायच्या, मगच सिनेमा बघायचा. रेनांते पोस्टर बघून लिहायचा. मी त्या जातीचा नाही.

रोविनाच्या मुलीकडे कादंबऱ्या आहेत. डिनडिन, वय अकरा, कमी बोलते, बघते फार. शाळेतून येऊन काउंटरमागे वाचत बसलेली असते. मी म्हणालो, ‘काळी वात’ ना? पाच भाग आहेत, नाही का? (मालिकांना साधारण पाच भाग असतात. अंदाज.) तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "हो तितो, पाच. पाचवा मैत्रिणीकडे गेलाय." आणि चार भाग काढून दिले.

मला तितो म्हणाली! काका! शेजारच्या दुकानदाराला ती ‘सर’ म्हणते.

मुलगी जिंकल्यातच जमा आहे.

१५ जानेवारी, शनिवार

वाचन जोरात. पहिल्या भागाचं मलपृष्ठ संपवलं.

दिनाग्यांगच्या नाच-मिरवणुकीच्या तालमींनी डोकं उठवलंय. आमच्या गल्लीतली पोरं सकाळपासून ढोल बडवतात. बसलो की ढोल, उठलो की बंद. प्लाझापर्यंत चालत गेलो, परत आलो. पेन्सिलींना टोक काढलं. कॉफी. परत प्लाझा. अक्षर फार बारीक छापतात हल्ली. शिवाय रोविनाने चष्मा इतका घट्ट केलाय की कानशिलं ठणकतात. अशा परिस्थितीत कोणीही वाचू शकणार नाही.

नवा संकल्प: कादंबरी वाचण्यापेक्षा ती वाचलेल्या लहान वाचकाची मुलाखत घेणं जास्त खोल जातं.

१६ जानेवारी, रविवार

मिसा झाल्यावर डिनडिनला प्लाझात सारण भरलेला वाफाळता सिओपाव खायला घेऊन गेलो. रोविना शेजारच्या बाकावर बसून डोळे मिटून ऊन खात होती. मी म्हणालो, डिनडिन, मी वाचलंय सगळं, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय, कारण मुलांचा दृष्टिकोन. ती म्हणाली, "बरं."

पहिले चार भाग तिने एका सिओपावात संपवले. धुक्याचं एक गाव. तिथला दिवेवाला संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावायचा. एकदा वादळात वीज पडली आणि मागे फक्त त्याची टोपी उरली. बायको आणि तीन मुलं राहिली. मग आईच्या मागे लागतो एक मेणबत्तीवाला, मिस्टर ग्रिसोल. घरी येताना कधी रिकाम्या हाताने येत नाही. मुलांच्या वाढदिवसाला स्वतः केलेली काळ्या वातीची मेणबत्ती आणतो. मुलाने ती फुंकली की त्याची दहा-दहा वर्षं ग्रिसोलला मिळतात. ग्रिसोल तरुण होत जातो, मुलं म्हातारी. शेवटी त्याची हाव इतकी वाढते की तो तान्हं बाळ होतो, आणि त्या मुलांनाच त्याला दूध पाजावं लागतं.

मी म्हणालो, छान, पण ग्रिसोलची बाजू लेखकाने नीट मांडलेली नाही. माणूस भेटवस्तू आणतो, त्यात गैर काय? डिनडिन माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मांडीवर मी आणलेली चॉकलेटं होती.

पाचवा भाग मात्र तिने रंगवून सांगितला. सिओपाव तसाच हातात राहिला. मी वहीत उतरवून घेत होतो, मध्ये एकदा म्हणालो, जरा हळू. या भागात दिवेवाला परत येतो. वीज त्याला लागलीच नव्हती, तिने त्याला नुसतं उचलून फार लांब ठेवलं होतं. तो समुद्राच्या कडेकडेने चालत येतो, बूट हातात धरून, कारण बूट भिजले की बायको ओरडते. पुढचा दात अर्धा तुटलेला, त्यामुळे शीळ घातली की फुस्स होते. वाटेत लोक कॉफी देतात, तो त्यात मीठ घालून पितो. एके दिवशी दारावर टकटक होते. मुलगी आतून विचारते, कोण? बाहेरून आवाज येतो, "मासेवाला. एकच मासा उरलाय, पण त्याला दाढी आहे."

मी विचारलं, पुढे? डिनडिन म्हणाली, "एवढंच." मग तिने रोविनाकडे बघून हळूच सांगितलं, "आईला सांगू नका हं. तिने पुस्तक वाचलेलं नाही, मजा जाईल."

आमच्या दोघांत आता गुपितही आहे. कुटुंब असंच तयार होतं.

१९ जानेवारी, बुधवार

मॉलमध्ये सकाळी पत्रकारांसाठी खास खेळ. डिनडिनला शाळेतून सुट्टी काढून नेलं. रोविना म्हणाली, "नोंग एलिस, घाबरेल का हो ती?" मी म्हणालो, मी आहे ना.

सिनेमात आठ वर्षांचा मुलगा मेणबत्ती फुंकतो आणि आरशात बघतो तर मिशी आलेली. इथे मी उठलो. बाहेर जाण्याचे दरवाजे नीट उघडतात का ते बघायचं होतं. समीक्षकाने थिएटरचीही पाहणी केली पाहिजे. परत आलो तर मधली बहीण पांढऱ्या केसांची वेणी घालत होती. परत पाहणीला गेलो. नंतर मात्र शेवटपर्यंत बसलो. डोळे अधूनमधून मिटले ते नुसत्या आवाजाची बाजू तपासायला. पॉपकॉर्न पुढच्या रांगेतल्या बाईंच्या डोक्यावर पडले, त्याला खुर्चीचा उतार कारणीभूत आहे.

डिनडिन पापणी न हलवता बघत होती. एकदाच माझा हात धरला. (मी तिचा धरला असेल. अंधार होता.)

बाहेर आल्यावर म्हणाली, "तितो, ग्रिसोल तुमच्यासारखा भांग पाडतो." निरीक्षण अचूक. नट देखणा आहे.

सिनेमा बाळापाशी संपतो. पाचव्या भागाचा पत्ताच नाही. दिवेवाला येतच नाही! दिग्दर्शकाने मालिकेचा कणाच काढून टाकला आणि हे एकट्या माझ्याच लक्षात आलं. बाकीचे पत्रकार फुकटचे सँडविच खात होते.

२१ जानेवारी, शुक्रवार

पहिलं वाक्य काही जमेना. खोलीत येरझाऱ्या. खालून घरमालकीण ओरडली, "वर काय घोडा बांधलाय का?" खुर्ची खिडकीकडे केली. ढोल. भिंतीकडे केली. भिंत. भांग दुसऱ्या बाजूला पाडून बघितला, बरा दिसला नाही.

फोटो काढून आलो. तीन प्रकारचे काढले: विचारमग्न, कठोर, आणि कठोर पण दयाळू.

मिसेस हेर्वियासनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "सणाच्या तोंडावर मेणबत्तीवाल्याची बदनामी नको. आपल्याला मेणबत्तीवाल्यांच्या जाहिराती असतात." मी म्हणालो, मॅडम, निर्धास्त राहा, मी ग्रिसोलच्या बाजूनेच लिहितोय. त्यांनी शेंग तोंडापाशी नेली आणि तशीच खाली ठेवली.

२३ जानेवारी, रविवार. दुपार

सगळं शहर दिनाग्यांगला रस्त्यावर. मी लिहितोय. लिहून झालं!

दोन मुद्दे. एक, मिस्टर ग्रिसोल हा अलीकडच्या काळातला सर्वांत गैरसमज झालेला माणूस आहे. दोन, पाचवा भाग वगळणं हा साहित्याचा खून आहे. दिवेवाल्याचं परतणं सविस्तर दिलं: बूट, दात, मीठ, मासेवाला. ‘एकच मासा उरलाय, पण त्याला दाढी आहे’ हे संपूर्ण मालिकेतलं सर्वोत्तम वाक्य आहे, असं लिहिलं.

फक्त दारापाशीच थांबणं बरोबर वाटेना. वाचकाला अधांतरी सोडायचं नसतं. म्हणून पुढचं मीच लिहिलं: मुलगी दार उघडते, बाप तिला उचलून घेतो, टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो, आई रडत रडत बुटांवरून रागावते. पुस्तकात असंच असणार. दुसरं असणार तरी काय?

वाचताना मलाच चष्मा पुसावा लागला. लेखणीत ताकद आहे.

२७ जानेवारी, गुरुवार

छापून आला! फोटो कठोर पण दयाळू. छपाईत दयाळूपणा जरा पुसट झालाय.

अंक घेऊन रोविनाच्या दुकानात गेलो. म्हणालो, सहज आणलाय. तिने उभ्याउभ्या वाचायला घेतला. वर फोटो बघून हसली. ग्रिसोलपाशीही हसली, तो भाग खरं तर गंभीर आहे. मग हसू थांबलं. परत वर गेली, परत वाचलं. मग गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. चेहरा पांढराफटक. म्हणाली, "हे मासेवाल्याचं कुठून आणलंत?"

मी म्हणालो, भाग पाचवा, शेवटचं प्रकरण.

"हे पुस्तकात आहे?"

म्हणालो, शब्दन् शब्द.

ती रडायला लागली. आवाज न करता. अंक छातीशी घेऊन आत गेली आणि पडदा ओढला. मी बराच वेळ उभा होतो. एक म्हातारे गृहस्थ चष्मा घ्यायला आले, त्यांना मी उद्या या म्हणून सांगितलं.

समीक्षा वाचून माणसं विचार करतात, हे ऐकून होतो. समीक्षा वाचून बाई रडली, असं पहिल्यांदाच घडलं असेल. दोन तारखेची आता काळजी नाही.

२९ जानेवारी, शनिवार

रोविनाला मेसेज पाठवला: ‘कसं वाटलं?’ उत्तर नाही. भारावली असणार. दुसरा पाठवला: ‘सावकाश सांगा.’ सावकाश चाललंय. तिसरा लिहून पुसला. फोन टेबलावर ठेवला, मग खिशात, मग परत टेबलावर. नेटवर्क बघायला गच्चीवर जाऊन आलो. नेटवर्क आहे.

दुकानावरून दोनदा गेलो. शटर खाली. चष्म्यांच्या दुकानाला शनिवारी सुट्टी असते का?

३१ जानेवारी, सोमवार

मिसेस हेर्वियासच्या टेबलावर पत्रांचा गठ्ठा. वाटलं, चाहते. कॉन्व्हेंटच्या सहावीच्या वर्गाने लिहिली होती, रंगीत शाईने. सगळ्यांचं म्हणणं एकच: ‘काळी वात’चे भाग चार आहेत. पाचवा नाही. एकीने लिहिलं होतं, ‘सरांना पाचवा मिळाला असेल तर आम्हालाही द्या, आम्ही कधीची वाट बघतोय.’ वितरकाच्या माणसाचाही फोन येऊन गेला होता. तो म्हणे बराच वेळ हसत होता.

मॅडमनी विचारलं, "तू वाचलायस पाचवा?"

मी म्हणालो, दुर्मीळ आवृत्ती आहे.

"पहिला वाचलायस?"

मी म्हणालो, मॅडम, वाचणं म्हणजे नेमकं काय, यावर बरेच मतभेद आहेत.

त्यांनी शेंगांची पुडी माझ्याकडे सरकवली. पहिल्यांदाच. त्यावरून मला कळलं की कॉलम गेला. म्हणाल्या, "दुरुस्ती छापू. तूच लिही. आणि बुधवारच्या मिसेच्या वेळा बदलल्यात, त्यांचं पत्रक आधी काढ."

उद्या डिनडिनकडून पाचवा भाग मिळवायचा, टेबलावर आपटायचा, आणि वर्गाला जाहीर उत्तर द्यायचं. मुलं हल्ली अर्धवट वाचतात.

१ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेच्या फाटकापाशी डिनडिनला गाठलं. मैत्रिणीचं नाव विचारलं. पाचवा भाग आजच्या आज हवा, म्हणालो. अब्रूचा प्रश्न आहे.

ती म्हणाली, "नाहीये तो."

म्हणजे हरवला?

"म्हणजे नाहीच आहे. तुम्ही पाच म्हणालात, म्हणून मी पण पाच म्हणाले. मग तुम्ही विचारलंत काय होतं, म्हणून सांगितलं."

मी म्हणालो, डिनडिन, तू मला खोटं सांगितलंस? कॉलम गेला माझा! पेपरात हसं झालं! आवाज चढला असावा. फाटकावरचा वॉचमन बघायला लागला.

तिने मान वर केली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. म्हणाली, "खोटं तुम्ही लिहिलंत. मी दार उघडलं नव्हतं. दारापर्यंतच आणलं होतं त्यांना. तुम्ही उघडलंत. तुम्हाला कोणी सांगितलं होतं उघडायला?"

मला कळेना, कुणाला आणलं होतं.

म्हणाली, "पाच दिवस आई तेच वाचतेय. दार उघडलेलं. टोपी घातलेली. मला म्हणते, असं झालं असतं तर." मग दप्तराचा पट्टा ओढत म्हणाली, "बाबांनी मला कधी टोपी घातली नव्हती. ते केसांवर हात ठेवायचे. तुम्ही सगळंच चुकीचं लिहिलंत."

ट्रायसिकल रिक्षा आली, ती बसून गेली.

मी चालत घरी आलो. फार लांब आहे.

२ फेब्रुवारी, बुधवार. कांदेलारिया

ठेवणीतला बारोंग सदरा इस्त्री करून ठेवलेला होता, म्हणून घातला. जायचं नव्हतं. तीनदा निघालो, तीनदा परत आलो. चौथ्यांदा हारोला पोचल्यावर मग परत येण्यात अर्थ नव्हता. रस्ताभर माणसं, मेणबत्त्या, बँड. दुकानाचं शटर वर होतं.

रोविना काउंटरमागे होती. डोळे सुजलेले, पण केस विंचरलेले. मी विचारायचं सगळं पाठ करून ठेवलं होतं, महिनाभर. सुरुवात आठवली नाही.

तीच बोलली. म्हणाली, "तो असाच यायचा, नोंग एलिस. जहाजावरून सुट्टीवर आला की बेल वाजवायची नाही, मासेवाला म्हणून ओरडायचं. गेला तेव्हा डिनडिन सात वर्षांची. मला वाटलं, विसरली. चार वर्षांत घरात तिने त्याचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही, म्हटलं तिला कशाला त्रास. आणि ती काढत नव्हती ते मला त्रास नको म्हणून."

मी म्हणालो, दारापासून पुढचं माझं आहे. ते माझं चुकलं.

म्हणाली, "माहीतय. बुटांवरून मी कधी रडत रागावले नाही. नुसतीच रागवायचे."

मग मी विचारलं. विचारायला नको होतं, पण मनात तेच घोळत होतं. म्हणालो, तिने तुम्हाला नाही सांगितलं, मैत्रिणींना नाही सांगितलं, मलाच सांगितलं. मलाच का?

खरं सांगायचं तर उत्तर मला माहीत आहे असं वाटत होतं.

रोविना म्हणाली, "मी पण विचारलं तिला. म्हणाली, तितोला काही कळत नाही, म्हणून सांगता आलं."

बाहेरून बँड गेला. 

मी या वाक्याच्या बऱ्या बाजू शोधतोय. घरी आल्यापासून शोधतोय.

मग डिनडिन आतून आली. पांढरा फ्रॉक, हातात मेणबत्ती. माझ्याकडे बघितलं, आणि काल ओरडल्यासारखं काही तिच्या तोंडावर नव्हतं. दुसरंही काही नव्हतं. आईला म्हणाली, "कागदावर बाबांचं नाव तू लिहिलंस की मी लिहू?" रोविना म्हणाली, दोघी लिहू. चर्चमध्ये मृतांची नावं कागदावर देऊन त्यांच्यासाठी मिसा सांगायची होती. पहिल्यांदाच. वेळ मीच छापली होती, चार वाजताची. बरोबर छापली होती.

जाताना रोविना दारात थांबली. "तुम्ही काही सांगायला आला होतात का?"

मी नाही म्हणालो.

"मग जरा दुकान सांभाळाल? आम्ही येतोच. कोणी आलं तर बसवून ठेवा."

दोघी गर्दीत शिरल्या. डिनडिनचा फ्रॉक वळणापर्यंत दिसत होता.

मी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसलो. नंतर उठून काउंटरमागे गेलो. मग वाटलं, ती जागा आपली नाही, म्हणून परत स्टुलावर. दारावर लक्ष ठेवलं. अंधार पडून दोघी परत येईपर्यंत ठेवलं.

कोणी आलं नाही.